कुलपातली लाख

सावरगावच्या जानराव पाटलांच्या घरात बंदुकीचं कपाट आलं ते कापसाच्या पहिल्या मोठ्या भावानंतर. तिकडे अमेरिकेत लढाई लागली होती म्हणे, आणि म्हणून इकडे हिवरखेड-तेल्हाऱ्याच्या काळ्या रानातल्या बोंडांना मुंबईचे दलाल दारात येऊन भाव सांगत होते. लढाई कुणाची, कशासाठी, हे गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ती लौकर संपू नये, एवढंच सगळ्यांना वाटे.

हातात पैसा आला तशी माणसं वागायला लागली. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या, कुणी कुडाचं घर पाडून विटांचं बांधलं. जानरावांनी सरकारातून परवाना काढून दोन नळ्यांची टोपीची बंदूक घेतली आणि ती ठेवायला खामगावहून विलायती लोखंडी कपाट आणवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून ते बैठकीच्या भिंतीत बसवायचं ठरलं. गावचा लोहार उकंडा यानं भिंत फोडून, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून ते असं पक्कं बसवलं, की भिंत पडली असती पण कपाट हललं नसतं. किल्ली एकच होती. ती जानरावांच्या कमरेच्या करगोट्याला असे.

जानरावांची बायको मनकर्णा. तिचं माहेर दूर, नांदगाव खंडेश्वराकडचं. दोन लेकरांची आई झाली तरी तिचा आवाज बैठकीत कुणी ऐकला नव्हता. गड्यांना भाकरी वाढताना ती कुणाची भूक किती हे न विचारता ओळखायची, आणि घरात कुणाचं डोकं तापलं आहे हेही. त्या वर्षी पोळ्याच्या आधी आपल्या नवऱ्याचं डोकं नेहमीसारखं तापलेलं नाही, हे तिला कळलं होतं. नेहमी तो ओरडायचा. या खेपेला तो गप्प होता.

भांडण मानाचं होतं. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जायची यावरून जानराव आणि त्यांचे चुलतभाऊ उत्तमराव यांच्यात वाद होता. उत्तमरावांचं म्हणणं, वाटण्या झाल्या तेव्हा मान एकाआड एक वर्षी घ्यायचा असं ठरलं होतं. जानरावांचं म्हणणं, असं काही ठरलंच नव्हतं. पूर्वी, दोन्ही घरांत सारखीच चणचण होती तेव्हा, हे पानसुपारीवर मिटत असे. पण गेल्या पोळ्याला उत्तमरावांनी आपली नवी जोडी मुसंडी मारून पुढे काढली. रेटारेटीत जानरावांचा बैल गुडघ्यावर आला आणि जानरावांचं पागोटं चिखलात पडलं. लोक हसले. ते हसू जानराव वर्षभर विसरले नव्हते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यात बैलांचे खांदे शेकायचं चाललं होतं. मनकर्णा तुपाची वाटी न्यायला घरात आली तर जानराव बैठकीत एकटेच बसलेले. मांडीवर बंदूक. त्यांनी नळीत दारू घातली, गोळी घातली, गजानं ठासली. दुसऱ्या नळीचंही तसंच केलं. मग दोन्ही घोड्यांखाली बार पेटवणाऱ्या टोप्या चढवल्या. आता नुसता चाप ओढायचा बाकी होता.

"पोयाच्या दिवशी बंदूक कायले पायजे?" तिनं विचारलं.

"असू दे."

"आवो, ते तुमचे भाऊ हायेत."

"भाऊ असता तं माह्यं पागोटं चिखलात पाडलं नसतं त्यानं." जानरावांचा आवाज अगदी साधा होता. "यंदा त्याची जोडी पुढं आली तं जोडी जाइन पुढं. तो नाई जानार."

त्यांनी बंदूक कपाटात ठेवली, दार लावलं, किल्ली फिरवली आणि ती करगोट्याला अडकवून गोठ्याकडे गेले.

मनकर्णा तिथेच उभी राहिली. सासूला सांगावं तर सासू लेकाच्या पाया पडेल, आणि तो जास्तच पेटेल. उत्तमरावांकडे निरोप धाडावा तर तेही हत्यार घेऊन येतील. किल्ली तिच्या हाताला येणार नव्हती. पण किल्लीचं भोक समोर होतं.

तिच्या हातात काचेच्या बांगड्यांच्या मागेपुढे लाखेच्या बांगड्या होत्या. लाल, वर बेगडीची टिकली लावलेल्या. जानरावांनीच त्या मागच्या हिवाळ्यात कापूस घेऊन अमरावतीला गेले तेव्हा आणल्या होत्या. तिनं त्या उतरवल्या, फोडल्या, पळीत घातल्या आणि बैलांचे खांदे शेकायला चुलीतून काढलेल्या निखाऱ्यांवर धरल्या. सगळे गोठ्यात होते. लाख पातळ झाली तशी तिनं पळी उचलली, बैठकीत आली आणि पळीच्या टोकानं भोकात ओतली. काडीनं आत सारली, पुन्हा ओतली. दारावर ओघळलेली लाख पदरानं पुसून घेतली. बोट भाजलं ते तिला नंतर कळलं.

पोळ्याच्या दिवशी किल्ली भोकात शिरेना. बाहेर वाजंत्री वाजत होती, बैल सजून उभे होते, आणि जानराव कपाटापुढे घामानं निथळत किल्ली दाबत होते. शेवटी त्यांनी कपाटाला एक लाथ हाणली, कोपऱ्यातली काठी उचलली आणि निघून गेले.

तोरणाखाली व्हायचं तेच झालं. काठ्या चालल्या. जानरावांच्या खांद्यावर टोला बसला, उत्तमरावांचे पुढचे दोन दात पडले. म्हाताऱ्यांनी मधे पडून दोघांना धरून ठेवलं. त्या गोंधळात पुंजा नावाच्या एका गरीब कुणब्याची हडकुळी जोडी बिथरली आणि सगळ्यांच्या आधी तोरणाखालून पळत सुटली. मागे पुंजा ओरडत होता. लोक पोट धरधरून हसले, आणि भांडण त्या हसण्यातच विरलं.

रात्री नवऱ्याचा सुजलेला खांदा हळदीनं शेकताना मनकर्णाला मनातून गोड वाटत होतं. आपण केलं ते बरंच केलं, असं तिला वाटलं. तसं निखळ वाटण्याची ती शेवटचीच वेळ.

दुसऱ्या दिवशी जानरावांनी उकंडाला बोलावलं. बैठकीत गावातली पाच-सात माणसं बसली होती, कालच्या पोळ्याच्या गोष्टी चालल्या होत्या. उकंडा कपाटापुढे उकिडवा बसला. त्यानं बारीक अणकुचीदार सळई आत घातली, फिरवली, बाहेर काढली. टोकाला लाल भुगा आला होता. तो त्यानं तळहातावर चोळला, वास घेतला.

"पाटील, याच्यात लाख हाय जी. कोनं तरी ओतली."

"कायची लाख?"

"बांगडीची." उकंडानं हात उजेडाकडे धरला. "हे पाहा, बेगड चमकून राहिली."

बसलेल्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. उकंडा बोलायला सरळ माणूस होता. कुठे थांबावं हे त्याला कधीच कळत नसे. तो म्हणाला, "हे बाहेरच्याचं काम नाई, पाटील. घरातल्याच बाईनं..."

वाक्य पुरं झालंच नाही. जानरावांनी उठून त्याच्या तोंडात मारली. इतक्या जोरात, की उकंडाचं पागोटं सुटून जमिनीवर पसरलं.

"माह्या घरातल्या बाईवर घेऊन राहिला? किती दिले तुले उत्तमरावानं? कपाट तूच बसवलं, कुलूप तूच पायलं, अन् आता कुलपात लाख निंगाली!"

मनकर्णा आतल्या दाराच्या आड उभी होती. चौकटीवर तिचा हात होता. एक पाऊल टाकलं असतं तर ती उंबऱ्याबाहेर, सगळ्यांपुढे आली असती. मी ओतली, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. तिला ते शब्द तोंडात आलेले जाणवले. पाय मात्र हलला नाही.

उकंडानं पागोटं गोळा केलं. ते पुन्हा बांधलं नाही, काखेत धरलं. "मी खोटं बोललो नाई," तो म्हणाला आणि हत्यारं उचलून गेला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की उकंडानं उत्तमरावाचा पैसा खाऊन पाटलाचं कपाट बिघडवलं. पाटलाच्या घरचं काम त्याच्याकडून गेलं, मग इतरांचंही जायला लागलं. जो माणूस पाटलाचं कुलूप बिघडवतो तो आपला नांगर काय धड करील, असं लोक म्हणायचे. बायका नदीवर त्याच्या बायकोशेजारी धुणं आपटेनाशा झाल्या. एके सकाळी उकंडानं भाता, ऐरण, घण गाडीत घातले आणि तो तेल्हाऱ्याला निघून गेला. गाडी पाटलांच्या दारावरून गेली. त्याची बायको मागून पायी चालत होती. तिनं वर पाहिलं नाही. मनकर्णा अंगणात शेणाचा सडा घालत होती. तिनंही पाहिलं नाही.

पुढचे दिवस त्या घरात फार चमत्कारिक गेले. जानरावांनी दुसरा लोहार बोलावला नाही. स्वतःच एकदा दार लावून तार घेऊन बसले, कुलपात खूप टोकरलं, तार आतच मोडली. कुणी विचारलं तर म्हणायचे, विलायती कुलूप आहे, मुंबईहून माणूस येणार आहे. मनकर्णा खाली मान घालून वाढायची. सासू गोदाबाई जपमाळ ओढायच्या आणि मधेच सुनेच्या हाताकडे पाहून नजर वळवायच्या. अमरावतीच्या बांगड्या कुठे गेल्या, हे ना नवऱ्यानं विचारलं ना सासूनं. त्या न विचारण्यानंच मनकर्णाला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पण आपल्याला कळलं आहे हे तिनं स्वतःला कळू दिलं नाही.

मग ज्वारी निसवली, दाणे भरायला लागले, आणि सातपुड्याकडून रानडुकरांचे कळप उतरले. गावात परवान्याची बंदूक एकच. लोक रोज बैठकीत येऊन बसू लागले. "पाटील, एक बार काढा फक्त. आवाज आयकून पयतीन." जानराव म्हणायचे, "मुंबईचा मानूस येऊन राहिला." लोक डबे बडवायचे, मशाली लावायचे, कळप एका शेतातून उठून दुसऱ्यात शिरायचा.

पुंजाचं वावर डोंगराकडच्या कडेला होतं. ज्याची जोडी पोळ्याला आधी पळाली होती तो हा पुंजा. एका पहाटे तो राखणीच्या माळ्यावरून उतरून भाला घेऊन डुकरांच्या मागे धावला. एक नर उलटून आला आणि त्यानं पुंजाची मांडी गुडघ्यापासून वर फाडली. लोकांनी त्याला बाजेवर घालून थेट पाटलांच्या बैठकीत आणलं. औषधपाण्याला आणलं, असं म्हणाले. पण बाज त्यांनी कपाटाच्या समोर ठेवली.

मनकर्णानं हळद आणली, जुनं धोतर फाडलं. हाड दिसत होतं. पुंजा शुद्धीत होता. त्यानं जानरावांकडे मान वळवली.

"बंदुकीचा एक बार झाला असता तं पयालं असतं, पाटील," तो म्हणाला. त्यात दोष देणं नव्हतं. पाऊस पडला असता तर पीक आलं असतं, असं बोलावं तसा तो बोलला.

मनकर्णा पट्टी बांधत होती. तिच्या हाताला रक्त लागलं होतं आणि नजर समोरच्या लोखंडी दाराच्या भोकावर होती. पोळ्याला एक माणूस मेला नाही म्हणून तिनं मनाशी इतके दिवस हिशेब बरोबर धरला होता. त्या हिशेबात उकंडा नव्हता. पुंजाही नव्हता.

लोक पुंजाला घरी घेऊन गेले तेव्हा ती जानरावांपुढे येऊन उभी राहिली.

"कुलपात लाख मी ओतली."

जानरावांनी मान वर केली नाही. "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"उकंड्यानं हातावर चोयली तव्हापासून. त्या बांगड्या मीच आनल्या होत्या ना."

"मंग त्याले काहून मारलं?"

उत्तर उघडच होतं. त्यांनी उकंडाला मारलं ते तो खोटं बोलला म्हणून नव्हे. तो पुढचा शब्द बोलू नये म्हणून.

आतून गोदाबाई बाहेर आल्या. "मलेही मालूम होतं," त्या म्हणाल्या. "पयी मीच घासली दुसऱ्या दिवशी, लाख चिकटली होती तिले. अन् काय वाईट झालं? उत्तमराव जिता हाय, माह्या लेकाच्या गयात फास नाई पडला. एका लोहारानं एक थापड खाल्ली. एवढ्यात सुटलो आपून."

"त्यानं थापड नाई खाल्ली, आत्या. गाव सोडलं त्यानं."

"मंग सोडलं. तेल्हाऱ्याले काय उपाशी मरून राहिला?"

घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघंही इतके दिवस एकमेकांना ठाऊक नसल्यासारखे जेवत होते, झोपत होते. मनकर्णाला त्या क्षणी सगळ्यात जास्त लाज याची वाटली. एकटीनं पाप केलं असतं तर ते एकटीचं असतं.

"मी उद्या तेल्हाऱ्याले जाइन," ती म्हणाली.

"पाटलाची बायको लोहाराच्या दारी?"

"मंग तुमी जा."

सकाळी मनकर्णा डोक्यावर पदर घेऊन अंगणात आली तर बैलांची दमणी जुंपून तयार होती. गडी म्हणाला, पाटलांनी पहाटेच जुंपायला सांगितली. पाटील मात्र कुठे दिसले नाहीत.

तेल्हाऱ्यात उकंडाचं दुकान शोधावं लागलं नाही. बाजाराच्या वाटेवर कापसाच्या गाड्या ओळीनं थांबल्या होत्या. कुणाच्या चाकाची लोखंडी धाव सैल झालेली, कुणाच्या आसाची खीळ निघालेली. ओळीच्या शेवटी लिंबाखाली त्याचा भाता चालू होता. काम इतकं होतं, की मनकर्णा दमणीतून उतरून उभी राहिली तरी त्यानं हातातली धाव चाकावर चढवूनच मान वर केली. त्याच्या बायकोनं तिला पाहिलं आणि ती पाठ फिरवून भाता ओढत राहिली. पाणी विचारलं नाही.

"उकंडाभाऊ, लाख मी ओतली होती," मनकर्णा म्हणाली. बोलता बोलता ती रडू लागली, आणि आपल्या रडण्याचाही तिला राग आला. रडायचा हक्क इथे तिचा नव्हता. "तुले मार बसला तव्हा मी दारामागं उभी होती. बोलली नाई. मले माफ कर."

उकंडानं कपाळाचा घाम पुसला. "मले समजलंच होतं माय. तुमी अठी सांगून काय फायदा? अठी हे गाडीवाले अन् हे बैल. यायले काय मालूम जानराव पाटील कोन अन् उकंडा कोन?"

"मंग काय करू?"

"पाटलाचा हात उठला, ते मी इसरून जाइन. आमच्यासारख्यानं मार खानं काई नवं नाई. पन उत्तमरावानं इकत घेतला, असं म्हनले ना, ते माह्या बापाले लागलं. सावरगावचा एकेक नांगर माह्या बापानं केला. त्याच लोकायनं माह्या बायकोच्या बाजूनं धुनं नाई धुतलं." तो थांबला. "त्या दिवशी जेवढे बसले होते तेवढे सगये बोलवा. त्यायच्यापुढं बोला. मंग मी कपाट उघडून देतो. पैसा नाई पायजे."

"येशील?"

"या गाड्या उरकल्या की येतो."

तो दुसऱ्या दिवशी आला. मनकर्णानं गड्याकरवी सगळ्यांना बोलावणं धाडलं होतं. उत्तमरावही आले, कारण लाच दिल्याचा बोल त्यांच्यावर होता. ते दाराजवळ बसले, जानराव कपाटाजवळ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मनकर्णा उंबरा ओलांडून बैठकीत आली. इतक्या पुरुषांपुढे ती कधी उभी राहिली नव्हती. पदर कपाळाखाली ओढलेला होता, त्यामुळे तिला फक्त सगळ्यांचे पाय दिसत होते.

"पोयाच्या आदल्या दिवशी कुलपात लाख मी ओतली," ती म्हणाली. "माह्या बांगड्यायची. उकंडा खरं बोलला होता. त्याले मारलं, त्याचं नाव खराब झालं, त्याले गाव सोडा लागलं, तरी मी तोंड उघडलं नाई. पुंजाचा पायही माह्यामुयंच गेला. लाख ओतन्यात उत्तमरावभाऊचा काई हात नव्हता."

कुणीतरी खोकलं. मग उत्तमराव पडलेल्या दातांच्या फटीतून बोलले, "पन काहून ओतली, वयनी?"

याचं उत्तर तिनं ठरवलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेऊन ते सांगायला तिची जीभ वळेना. आपली लाज ती चव्हाट्यावर मांडू शकत होती, त्यांची नाही.

"आधी उघडू द्या," उकंडा म्हणाला.

त्यानं अंगणातल्या शेगडीत एक बारीक सळई लाल केली आणि भोकात घातली. चर्र आवाज झाला, धूर निघाला, आणि बैठकीत बांगडीवाल्याच्या दुकानातला वास भरला. लाख वितळून दारावरून ओघळू लागली. त्यानं पुन्हा सळई तापवली, पुन्हा घातली. मग बारीक चिमट्यानं मोडलेली तार ओढून काढली, तेल सोडलं, जानरावांकडे हात पसरला. जानरावांनी करगोट्याची किल्ली काढून दिली. कुलूप फिरलं, पण दार येईना. एवढ्या दिवसांच्या दमट हवेनं कडा गंजून धरल्या होत्या. उकंडानं हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके दिले, फटीत पहार घातली आणि अंगाचा भार टाकला. दार करकरत सुटलं.

बंदूक आत आडवी होती. उकंडानं ती बाहेर काढली आणि हातातच धरून तिच्याकडे पाहत राहिला.

"पाटील," तो हळूच म्हणाला, "टोप्या चढवलेल्या हायेत. दोनी."

त्यानं बंदूक जपून खाली ठेवली, नळ्या भिंतीकडे करून. बैठकीतल्या प्रत्येकाला बंदूक कळत होती असं नाही. पण कपाट पोळ्याच्या आदल्या दिवसापासून उघडलं नव्हतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. एकेकाची नजर बंदुकीवरून जानरावांकडे गेली, तिथून उत्तमरावांकडे, आणि मग सगळे जमिनीकडे पाहायला लागले.

उत्तमराव उठून जवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "दादा," ते म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी जानरावांना दादा म्हटलं नव्हतं. "माह्यासाठी?"

जानरावांना नाही म्हणता आलं असतं. डुकरांसाठी भरून ठेवली होती, असं म्हणता आलं असतं, आणि लोकांनी ते ऐकूनही घेतलं असतं. त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "हो."

उत्तमराव वळले आणि निघून गेले. त्यांच्यामागून एकेक जण उठला. जाताना कुणी रामराम घातला नाही.

उकंडा हत्यारं पिशवीत भरत होता. जानराव त्याच्याजवळ आले, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तुह्यं घर तसंच हाय. भिंती धड हायेत. परत ये."

उकंडानं वाट पाहिली. आणखी काही येईल असं त्याला वाटलं असावं. ते आलं नाही.

"तेल्हाऱ्याले काम लय हाय जी," तो म्हणाला. पायरीवर मनकर्णा होती. तिला "येतो माय" म्हणून तो गेला, आणि सावरगावात पुन्हा राहायला आला नाही. नांगराचे फाळ घेऊन लोकच तेल्हाऱ्याला जाऊ लागले.

त्याच संध्याकाळी जानरावांनी पुंजाच्या वावरात जाऊन दोन्ही बार हवेत उडवले. कळप डोंगराकडे पळाला आणि त्या हंगामात फारसा उतरला नाही. इतकं ते सोपं होतं. पुढच्या पोळ्याला जानरावांनी जोडी गड्याबरोबर पाठवली आणि स्वतः अंग कसकसतं म्हणून पडून राहिले. उत्तमरावांनी आपली जोडी मागे ठेवली. भाऊ-भाऊ गळ्यात पडले असं काही झालं नाही. एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात, पंगतीत बसत, एवढंच. अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, लोकांनी शेंब्या मोडल्या. जानरावांनी बंदूक तहसिलीत जमा करून परवाना परत दिला. त्या दिवसाबद्दल नवरा-बायकोत पुढे कधी बोलणं झालं नाही. त्यांनी तिला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. कदाचित आपल्याला दोन्हींचा हक्क नाही, असं त्यांना वाटत असावं.

गावात दोन तऱ्हेनं बोललं जाई. काही म्हणत, बाईनं नवऱ्याची चारचौघांत लाज काढली. काही म्हणत, बाईनं दोन घरं वाचवली. पहिलं ऐकून मनकर्णा गप्प राही. दुसरं ऐकलं की तिला पळून जावंसं वाटे.

पुंजाचा पाय वाचला, पण आखडला. तो काठी टेकत, एक खांदा खाली टाकत चालायचा. मनकर्णा त्याच्या घरी ज्वारी धाडायची, सणावाराला स्वतः जायची. एकदा तो ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "लोक म्हन्तात पाटलीनबाई, तुमच्यामुयं एक जीव वाचला. मंग माह्या पायाचं काय एवढं? दुसरा हाय ना." आणि तो खरंच हसला. ती हसू शकली नाही.

त्यानंतर काही दिवस ती शेतात जाताना नाल्याकडून वळसा घालून जाऊ लागली. पुंजाचं घर टाळण्यासाठीच आपण ही लांबची वाट धरली आहे, हे एके दिवशी अर्ध्या वाटेत तिच्या ध्यानात आलं. ती नाल्यातच थांबली. दारामागे उभ्या होतो तशाच आपण अजून उभ्या आहोत, असं तिला वाटलं. ती मागे फिरली आणि सरळ वाटेनं गेली. पुढे ती म्हातारी झाली तरी त्याच वाटेनं जायची. पुंजा ओट्यावरून वाकून रामराम घालायचा. ती थांबायची, रामराम घ्यायची, घरच्यांची खुशाली विचारायची. पायाकडे पाहायचं नाही असं दर वेळी ठरवूनही तिची नजर तिथेच जायची.